हंसत हंसत देहाची ओळख

मनुष्य ज्या घरांत राहतो त्या घराचा जिना कोठें आहे, पाण्याचा नळ कोठून येतो, पावसाळ्यांत कोणत्या कोपऱ्यांत गळतें, हें सर्व त्याला आठ-पंधरा दिवसांत ठाऊक होतें. मग तें घर भाड्याचें कां असेना. देहाचें मात्र तसें नाहीं. साठ-सत्तर वर्षें ज्या देहांत वास्तव्य झालें, त्या देहांतील यकृत उजव्या अंगाला असतें कीं डाव्या, या साध्या प्रश्नाचें उत्तर देतांना चांगला शिकलेला गृहस्थहि क्षणभर पोटावर हात ठेवून विचारांत पडतो. बहुधा एखादा अवयव दुखूं लागला म्हणजेच त्याची पहिली ओळख होते. आणि दवाखान्याच्या बाकावर बसून, भीतीच्या पोटीं झालेली ओळख सुखाची कशी असणार?

ही ओळख दुखण्याच्या आधीं आणि प्रसन्न चित्तानें करून देणारीं कांहीं पुस्तकें आहेत. बिल ब्रायसन या लेखकाचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘द बॉडी’ हें त्यांपैकीं एक. त्याचें उपशीर्षक मोठें मार्मिक आहे. देहरूपी घरांत राहणाऱ्या बिऱ्हाडकरूंसाठीं केलेलें हें माहितीपुस्तक आहे, असा त्याचा आशय. मेरी रोच या अमेरिकन लेखिकेनें २०१३ सालीं ‘गल्प’ नांवाच्या पुस्तकांत वाचकांना अन्नमार्गाची सफर घडविली. जूलिया एंडर्स या जर्मन विद्यार्थिनीनें वैद्यकाचा अभ्यास चालू असतांनाच आंतड्यांवर पुस्तक लिहिलें आणि तिच्या बहिणीनें त्यासाठीं चित्रें काढलीं. तें २०१४ सालीं निघालें व जगांतील अनेक भाषांत गेलें. आंतड्यांसारखा विषय लोक पदरचे पैसे खर्चून आवडीनें वाचतील, असें एखाद्या प्रकाशकाला पूर्वीं कोणी सांगितलें असतें, तर त्यानें सांगणाराच्याच प्रकृतीची चौकशी केली असती.

या पुस्तकांतील विनोद भेळेवर शेव पसरावी तसा वरून पसरलेला नसतो. तो देहाच्या रचनेंतच असतो. लेखक तो फक्त दाखवून देतो. उदाहरणार्थ, कंठांतील स्वरयंत्राला आज्ञा पोंचविणारी एक मज्जा घ्या. मेंदू वर, कंठ त्याच्या खालीं चार बोटांवर. परंतु डाव्या बाजूची ही मज्जा कंठाशेजारून तशीच खालीं छातींत उतरते, हृदयाजवळच्या महारोहिणीला वळसा घालते आणि पुन्हां वर चढून कंठाला येते. नागपूरकरांच्या भाषेंत सांगावयाचें, तर सीताबर्डीहून महालांत जावयाचें आणि वाट धरावयाची कामठीवरून! जिराफाच्या देहांत हाच फेरा कित्येक हात लांबीचा होतो. असें कां, तर देह एका बैठकींत आंखून बांधलेला नाहीं. जलचरांच्या काळीं घातलेली वायरिंग पुढें मान लांबत गेली तरी कोणी बदलली नाहीं. एवढी एक गोष्ट हंसत हंसत कळली, कीं उत्क्रांतिवादाचें एक प्रकरण मनांत कायमचें बसतें. शाळेच्या पुस्तकांत तेंच प्रकरण दहा व्याख्यांसह येतें, आणि परीक्षा संपतांच विद्यार्थ्याच्या डोक्यांतून व्याख्यांसह निघून जातें.

विनोद आणि शास्त्र यांचें वैर आहे, अशी एक समजूत आहे. नागपूरकरांनीं तरी ती बाळगूं नये. मराठी विनोदी वाङ्मयाचे आद्य प्रवर्तक श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म १८७१ सालीं नागपुरांतच झाला. ज्या लेखणीनें ‘सुदाम्याचे पोहे’ लिहून समाजांतील भोळ्या रूढींची टर उडविली, त्याच लेखणीनें ज्योतिर्गणितावर गंभीर ग्रंथहि लिहिला. ग्रहांचें गणित करणारा मनुष्य लोकांना हंसवूं शकतो, हें या प्रांतानें शंभर वर्षांपूर्वींच पाहिलेलें आहे. पुढें पु. ल. देशपांडे यांनीं ‘बटाट्याच्या चाळीं’त वजन उतरविण्याच्या संकल्पाची जी फजीति रंगविली, तीहि देहाच्याच हट्टीपणाची कथा होय. मराठी वाचक देहावर हंसावयाला असा फार दिवसांपासून तयार आहे. त्या हंसण्याला शास्त्राची जोड मिळाली कीं काम झालें.

ही जोड कशी मिळते याचा दाखला नागपूरच्याच ताटांत आहे. सावजी रश्श्याचा पहिला घोट घेतला कीं जीभ भाजते, नाक वाहूं लागतें, कपाळावर घामाचे थेंब जमतात. आतां गंमत अशी, कीं येथें भाजणारें कांहींच नसतें. मिरचींतील कॅप्सेसिन हें द्रव्य जिभेवरील मज्जातंतूंच्या एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन चिकटतें. हा ग्राहक मुळांत उष्णतेची वर्दी देण्यासाठीं असतो. सुमारें ४३ अंश सेल्सिअसच्या वर ताप लागला म्हणजे त्यानें मेंदूला ‘आग’ म्हणून कळवावयाचें, असा त्याचा धर्म. मिरची त्याला फसविते. तो प्रामाणिकपणें आग लागल्याची घंटा वाजवितो, मेंदूहि तितक्याच प्रामाणिकपणें घामाचे बंब सोडतो आणि नसलेली आग विझविण्याची धांदल उडते. हा ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनें १९९७ सालीं शोधून काढला आणि २०२१ सालीं त्यांना, आर्डेम पॅटापूशियन यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळालें. नागपूरकर पिढ्यान्‌पिढ्या ज्या ग्राहकावर रोज प्रयोग करीत आले, त्याचें नांव तेवढें कळावयाचें राहिलें होतें.

या कथेचा उत्तरार्ध याहून सुरस आहे. पक्ष्यांच्या देहांतील हा ग्राहक थोडा निराळा असल्यामुळें कॅप्सेसिनला दाद देत नाहीं. म्हणूनच पिंजऱ्यांतील पोपट हिरवी मिरची मिटक्या मारीत खातो. मिरचीच्या झाडाला पक्षी हवे असतात, कारण ते बिया न चावतां दूरवर टाकतात; दाढांनीं बिया चिरडणारे सस्तन प्राणी त्याला नको असतात, आणि त्यांच्यासाठींच हा तिखटाचा पहारा. मनुष्य नांवाच्या सस्तन प्राण्यानें मात्र तो पहारा मोडून मिरचीची शेती सुरू केली आणि वर लिंबू पिळलें. तोंड भाजल्यावर तांब्याभर पाणी पिण्यानें फारसें कां भागत नाहीं, हेंहि येथें कळतें. कॅप्सेसिन पाण्यांत नीट विरघळत नाहीं. दुधांतील प्रथिनें त्याला धरून नेतात. रश्श्याबरोबर वाटीभर दहीं मागणारी आजी रसायनशास्त्र शिकलेली नव्हती, परंतु तिचें उत्तर बरोबर होतें.

मे महिन्यांतील नागपूर हा असाच दुसरा धडा. घरोघरीं खिडकीला कूलर लागतो; वाळ्याच्या किंवा गवताच्या पडद्यावरून पाणी झिरपतें, पंखा वारा ओढतो, पाणी वाफ होऊन जातांना उष्णता घेऊन जातें. हा कूलर माणसाच्या अंगावर जन्मतःच बसविलेला आहे. वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथि त्याला पाणी पुरवितात. एक लिटर घाम अंगावरच सुकला, तर सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तेवढ्या उष्णतेनें पावणेसहा लिटर बर्फासारखें गार पाणी उकळीला येईल. पावसाळा सुरू झाला कीं घरांतील कूलर नुसता दमट वारा फेंकतो, आणि तेव्हांच अंगाचा घामहि सुकेनासा होऊन नुसता निथळतो. दोन्ही यंत्रें एकाच दिवशीं संपावर जातात, कारण दोहोंचा धनी एकच: कोरडी हवा.

मग उन्हांत जातांना खिशांत ठेवावयाच्या कांद्याचें काय? विनोदी शास्त्रलेखक या कांद्याला प्रेमानें खिशांतून बाहेर काढील, उलटसुलट करून पाहील आणि त्याचें काम त्याला विचारील. खिशांतला कांदा अंगाची उष्णता उतरवीत नाहीं. डोक्याला बांधलेला दुपट्टा, वेळोवेळीं प्यालेलें पाणी आणि दुपारची टाळलेली वाट यांचें श्रेय तो बिचारा फुकट घेतो. तथापि जेथें हंसूं थांबवावयाचें तेथें असा लेखक तें थांबवितोहि. भर उन्हांत हिंडलेला मनुष्य असंबद्ध बोलूं लागला, त्याचें अंग तापलें, तर तो थट्टेचा विषय उरत नाहीं. देहाचें शीतयंत्र बंद पडत आल्याची ती खूण असते. त्याला तत्काळ सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा आणि रुग्णालय गांठावें. कांद्याची गोष्ट ऐकून हंसलेल्या श्रोत्याला ही सूचना अधिक लक्षांत राहते.

एंडर्सबाईंच्या पुस्तकांतील शौचकूपाचें प्रकरण तर या देशांतील वाचकाला स्वतःच्या घरावरच लिहिल्यासारखें वाटेल. मनुष्य खुर्चीवर बसतो तेव्हां मोठ्या आंतड्याच्या शेवटीं असलेला एक स्नायु त्या नळीला फांस घातल्याप्रमाणें वांकवून धरतो; उकिडवें बसतांच तो सैल पडून वाट बरीचशी सरळ होते. इस्रायलमधील एका संशोधकानें २८ स्वयंसेवकांच्या हातीं घड्याळ देऊन याची मोजदाद केली. उकिडवें बसून सरासरी ५१ सेकंदांत होणाऱ्या कामाला उंच आसनावर १३० सेकंद लागतात, असें दिसून आलें. महालांतील जुना वाडा पाडून नव्या सदनिकेंत मोठ्या अभिमानानें कमोड बसविणाऱ्या कुटुंबानें हा हिशेब अवश्य वाचावा. गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना उंच आसन आवश्यकच आहे. त्यांनीं पायांखालीं लहानसा पाट ठेवला, तर प्रगति आणि परंपरा यांची तेथें तडजोड होऊं शकते.

असे विषय चारचौघांत काढूं नयेत, असें म्हणणारे सज्जन येथें कपाळाला आंठ्या घालतील. त्यांचें समाधान एका भारतीय संशोधनानें होण्यासारखें आहे. बंगळूर येथील मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेंतील चित्तरंजन अंद्राडे व बी. एस. श्रीहरि या दोघां डॉक्टरांनीं चार शाळांतील २०० विद्यार्थ्यांना नाक कोरण्याविषयीं प्रश्न विचारले. जवळजवळ सर्वांनीं ती संवय कबूल केली, आणि दिवसाला चार वेळ हें मधलें प्रमाण निघालें. या अभ्यासाला २००१ सालीं अमेरिकेंत ‘इग नोबेल’ हें गंमतीचें पारितोषिक मिळालें. प्रथम हंसूं यावें आणि मागाहून विचार सुरू व्हावा, अशा संशोधनासाठीं तें दिलें जातें. येथें विचार असा, कीं जी गोष्ट सर्वच करतात आणि कोणीच सांगत नाहीं, तिच्यापायीं कोणाच्या नाकांत जखम होते किंवा कोणाची संवय रोगाच्या पायरीला पोंचते, हें विचारल्याशिवाय डॉक्टरांना कळणार कसें?

तरीहि हंसावें कोणाला आणि कशाला, हा विवेक राखलाच पाहिजे. मेरी रोच यांच्या पुस्तकांत अलेक्सिस सेंट मार्टिन याची कथा येते. १८२२ सालच्या ६ जूनला अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर या गरीब मजुराला चुकून बंदुकीचा बार लागला. तो वांचला, परंतु पोटाला पडलेलें भोंक बुजलें नाहीं. डॉ. विल्यम बोमाँट यांनीं त्या भोंकांतून रेशमी दोऱ्याला बांधून मांस, पाव, कोबी आंत सोडली आणि ठराविक वेळानें बाहेर काढून किती पचलें तें पाहिलें. पचन ही मुख्यतः रासायनिक क्रिया आहे, आणि मनुष्य संतापला म्हणजे पचन बिघडतें, हें अशा प्रयोगांतून पुढें आलें. त्यांचा ग्रंथ १८३३ सालीं निघाला. दोऱ्याला बांधलेली कोबी पाहून वाचक हंसतो. परंतु त्या दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक निरक्षर मनुष्य होता, जो त्याच डॉक्टरांच्या घरीं लांकडेंहि फोडीत असे. तो पुष्कळदां पळून गेला. १८८० सालीं तो वारला, तेव्हां डॉक्टरांच्या हातीं प्रेत लागूं नये म्हणून घरच्यांनीं तें मुद्दाम कुजूं दिलें. चांगला लेखक ही बाजू दडवीत नाहीं. देहाच्या चमत्कारिकपणाला हंसणें वेगळें आणि पंगूला, जाड्याला किंवा तोतऱ्याला हंसणें वेगळें. पहिल्या हंसण्यांत हंसणारा स्वतःहि सामील असतो, कारण तोच देह त्यालाहि मिळालेला असतो. दुसऱ्यांत तो स्वतःला वगळून घेतो, आणि तेथें विनोद संपून क्रौर्य सुरू होतें.

अशा पुस्तकांची खरी गरज कोठें आहे, हें नागपूरच्या दक्षिणेला गडचिरोली जिल्ह्यांत दिसून आलें. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेल्या डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांनीं तेथील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचा निष्कर्ष १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वीं तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. या दोन आंकड्यांच्या मधली जी दरी आहे, तींत दवाखान्याचें अंतर आहे, दारिद्र्य आहे, आणि लाजहि आहे. ज्या अवयवाचें नांव उच्चारतां येत नाहीं, त्याचें दुखणें सांगतां येत नाहीं. आणि जें सांगतां येत नाहीं, त्याला औषध मिळत नाहीं. वर्गांत प्रजननाचें प्रकरण आलें कीं ‘हें घरीं वाचा’ म्हणून पान उलटणारा शिक्षक, आणि घरीं ‘हें शाळेंत विचार’ म्हणून सांगणारी आई, यांच्यामध्यें मूल उभें असतें. लाजेची ही गांठ उपदेशानें अधिकच आंवळते. हंसण्यानें ती सैल होते, कारण ज्या गोष्टीवर दोघें मिळून मोकळेपणानें हंसलीं, त्या गोष्टीविषयीं त्यांना पुढें बोलतांहि येतें.

वाईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शंतनू अभ्यंकर यांनीं हें मर्म ओळखलें होतें. मुलींना मासिक पाळीविषयीं सांगण्यासाठीं त्यांनीं जें पुस्तक लिहिलें, त्याचें नांव त्यांनीं ‘पाळी मिळी गुपचिळी’ असें ठेविलें. मुलांच्या खेळांतील शब्द एका अक्षरानें बदलला आणि जिच्याविषयीं घरांत खरोखरच गुपचिळी असे, ती गोष्ट हंसत हंसत उघड्यावर आली. २०२४ सालीं ते निवर्तले. परंतु मराठींत असें लिहितां येतें, याचा दाखला ते ठेवून गेले. डॉ. अभय बंग यांचें ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हें विनोदी पुस्तक म्हणतां येणार नाहीं; तथापि दुसऱ्यांना आरोग्य शिकविणाऱ्या डॉक्टरानें स्वतःच्याच चुका उघड करून दाखविल्यामुळें वाचकाला तें परकें वाटत नाहीं. स्वतःकडे बोट दाखविण्याचें धैर्य हें चांगल्या विनोदाचेंहि पहिलें लक्षण होय.

विदर्भाला अशा लेखणीची आज एका विषयासाठीं फार निकड आहे. पानठेल्यावर पन्नींत घोटून मिळणारा खर्रा हा तो विषय. सुपारी, तंबाखू आणि चुना यांचें हें मिश्रण गालांत धरतां धरतां तोंडाच्या आंतील मऊ अस्तर ताठर होत जातें. मग तिखट सोसत नाहीं आणि जबडा पुरता उघडत नाहीं. याला मुख्यतः सुपारी कारण होते, आणि ती तंबाखूवांचूनहि कर्करोग घडवूं शकते. निरोगी मनुष्याच्या तोंडांत स्वतःचीं तीन बोटें एकावर एक ठेवून मावतात. ज्याच्या तोंडांत दोनच मावूं लागलीं, त्यानें दंतवैद्याकडे जाण्यास विलंब करूं नये. सरकारी पाटीवरील भयंकर चित्र पाहून तरुण मान फिरवितो. परंतु मित्रमंडळींत बसून तोंडांत बोटें घालून पाहण्याचा हा पोरकट प्रयोग तो करून पाहील, आणि करतांना हंसेलहि. सावजी रश्श्यावर प्रेम करणाऱ्या शहरांत घांस घेण्यापुरतेंहि तोंड उघडूं नये, यासारखी शोकांतिका दुसरी कोणती?

अशीं पुस्तकें निवडतांना वाचकानें दोन कसोट्या लावाव्या. पुस्तकांतील विनोद काढून घेतला तरी खालीं खरी माहिती उरते कीं नाहीं, ही पहिली. लेखक जेथें शास्त्रालाच ठाऊक नाहीं तेथें तसें सांगतो कीं रेटून बोलतो, ही दुसरी. या दोन्ही कसोट्यांना उतरलेलें पुस्तक एकट्यानें कोपऱ्यांत बसून वाचूं नये. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील एकानें मोठ्यानें वाचावें आणि इतरांनीं ऐकावें. घामाच्या प्रकरणावर नातू हंसेल, शौचकूपाच्या प्रकरणावर आजोबा. आणि त्या हंसण्यानंतर, दिवे मालवण्यापूर्वीं, घरांतील कोणीतरी हळूच म्हणेल, ‘कित्येक दिवसांपासून इथें थोडें दुखतें आहे, सांगूं कीं नको असें वाटत होतें.’ तेवढें एक वाक्य वेळेवर उच्चारलें गेलें, तर पुस्तकाचे पैसे वसूल झाले.